मुद्रणरांगेचा इतिहास : स्पूलिंग प्रणालींची निवड आणि शहापूर-मुरबाडचा सातबारा

सारांश

एकाच छपाई यंत्रावर अनेकांची कामे आली की त्यांची रांग लावावी लागते. संगणकशास्त्रात या रांगेच्या व्यवस्थापनास स्पूलिंग असे म्हणतात. प्रस्तुत शोधनिबंधात १९६० च्या दशकापासून आजपर्यंत स्पूलिंग प्रणाली कशा बदलत गेल्या, गर्दीच्या कार्यालयांसाठी त्यांची निवड करताना कोणते निकष महत्त्वाचे ठरले आणि महाराष्ट्रातील भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाच्या संदर्भात या निकषांचा अर्थ काय होतो, याचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. छपाईच्या रांगेची निवड ही केवळ यंत्राच्या वेगाची बाब नसून रांग कोठे ठेवायची, ती कोणाला दिसू द्यायची आणि बिघाडानंतर तिचे काय होणार, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या निवडीत दडलेली असतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : स्पूलिंग, मुद्रणरांग, सातबारा, भूमी अभिलेख, देवनागरी मुद्रण, शहापूर, मुरबाड.

१. प्रस्तावना

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील दोन तालुके होत. भात, नाचणी व वरई ही येथील मुख्य पिके असून आदिवासी लोकसंख्येचे प्रमाण लक्षणीय आहे. शेणव्यासारख्या गावातील शेतकऱ्यास पीक कर्जासाठी, आधारभूत किमतीच्या भात खरेदी केंद्रावर नोंदणी करण्यासाठी किंवा जमिनीच्या कोणत्याही व्यवहारासाठी सातबाराचा उतारा लागतो. २०१६ नंतर समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यात भूसंपादन सुरू झाले, तेव्हा तर ज्या घरात वर्षानुवर्षे उतारा काढला गेला नव्हता त्या घरालाही त्याची गरज भासली.

उतारा म्हणजे अखेरीस छापलेला एक कागद. तो कागद हाती येईपर्यंत शेतकरी दोन रांगांमध्ये उभा असतो. एक रांग कार्यालयाच्या खिडकीबाहेरची. ती सर्वांना दिसते. दुसरी रांग संगणक व प्रिंटर यांच्या मधली. ती कोणालाच दिसत नाही. बाहेरच्या रांगेबद्दल वृत्तपत्रांतून व विधिमंडळात पुष्कळ चर्चा होते. आतल्या रांगेचा इतिहास मात्र मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही. तो लिहिण्याचा हा एक अल्प प्रयत्न होय.

संशोधनाची पद्धत ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे. प्रथम स्पूलिंगच्या जागतिक इतिहासातील टप्पे, त्यानंतर देवनागरी मुद्रणाची विशेष अडचण, पुढे भूमी अभिलेखांचा प्रवास आणि शेवटी निवडीचे निकष, या क्रमाने विवेचन केले आहे.

२. स्पूलिंग संकल्पनेचा उगम

स्पूल या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ रीळ. 'सायमल्टेनियस पेरिफेरल ऑपरेशन्स ऑन-लाइन' या शब्दसमूहाच्या आद्याक्षरांपासून हा शब्द बनला असे सांगितले जाते. परंतु चुंबकीय फितीच्या रिळांशी असलेले त्याचे नातेही तितकेच स्वाभाविक आहे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या संगणकाचा एक तास अतिशय महाग होता आणि छपाई यंत्र त्याच्या तुलनेने अत्यंत मंद होते. आयबीएम कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या १४०१ या संगणकासोबतचे १४०३ हे छपाई यंत्र मिनिटाला ६०० ओळी छापत असे. हा वेग त्या काळी विलक्षण मानला गेला, तरी संगणकाच्या गणनवेगापुढे तो नगण्यच होता. छपाई पूर्ण होईपर्यंत संगणकाने थांबून राहणे म्हणजे पैशाची नासाडी. म्हणून मोठा संगणक आपला निकाल फितीवर लिहीत असे. ते रीळ उचलून लहान संगणकाकडे नेले जाई आणि तेथे छपाई होत असे. रीळ वाहून नेणारा कर्मचारी हाच त्या काळातील रांगेचा व्यवस्थापक होता.

मँचेस्टर विद्यापीठातील ॲटलस संगणक १९६२ मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या नियंत्रक आज्ञावलीने माणसाचे हे काम स्वतःकडे घेतले. येणारी कामे व जाणारे निकाल ज्या साठ्यात थांबत, त्या साठ्यास तेथील अभियंत्यांनी विहीर अशी संज्ञा वापरली. आपल्या भागातील वाचकास हे रूपक सहज समजण्यासारखे आहे. झरा आपल्या गतीने पाणी भरतो, शेतकरी आपल्या गरजेने उपसतो आणि दोघांची गती जुळावी लागत नाही, कारण मध्ये विहीर असते. स्पूलिंगचे संपूर्ण तत्त्व याच एका वाक्यात सामावलेले आहे.

१९६० च्या दशकाच्या मध्यास आयबीएमच्या अभियंत्यांनी अमेरिकेच्या नासा संस्थेच्या ह्यूस्टन केंद्रासाठी 'हास्प' ही प्रणाली विकसित केली. ह्यूस्टन ऑटोमॅटिक स्पूलिंग प्रायॉरिटी असे तिचे पूर्ण नाव. या नावातील प्रायॉरिटी म्हणजे अग्रक्रम हा शब्द लक्षणीय आहे. साठा व रांग यांच्या जोडीला 'कोण आधी' हा प्रश्न येथे आज्ञावलीच्या नावातच येऊन बसला. हास्पची परंपरा पुढे आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील जेईएस-२ या प्रणालीत चालू राहिली.

३. जाळ्यावरची रांग

१९८० च्या दशकात कार्यालयातील अनेक संगणक एकमेकांना जोडले जाऊ लागले आणि रांगेचा प्रश्न बदलला. आता कामे एका यंत्रातून नव्हे, तर अनेक यंत्रांतून येत होती.

बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स आवृत्तीतील, विशेषतः १९८३ च्या ४.२ बीएसडीमधील, एलपीडी या प्रणालीने एका संगणकावरील काम दुसऱ्या संगणकाच्या रांगेत पाठवण्याची सोय दिली. तिची संवादपद्धती १९९० मध्ये आरएफसी ११७९ या दस्तऐवजात नोंदवली गेली. ही पद्धत साधी होती व म्हणूनच ती सर्वत्र पसरली. परंतु तिच्यात एक मूलभूत उणीव होती. काम स्वीकारणारा संगणक फक्त 'धारिका मिळाली' एवढीच पोच देत असे. कागद प्रत्यक्ष छापला गेला की नाही, कागद संपला की अडकला, याचे प्रमाणित उत्तर त्या पद्धतीत नव्हते. शिवाय काम पाठवणाऱ्या यंत्राच्या नावावरच मुख्यत्वे विश्वास ठेवला जात असे.

याच काळात एटी अँड टी कंपनीच्या युनिक्स सिस्टिम फाइव्हमध्ये एलपी ही वेगळी प्रणाली होती. अनेक प्रिंटरांचा एक वर्ग करून त्यांना एकच सामाईक रांग देण्याची सोय तिच्यात होती. लहान संगणकांच्या जाळ्यांत नॉव्हेल नेटवेअरने रांग व मुद्रणसेवक या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. १९९० च्या दशकात भारतातील अनेक कार्यालयांत व बँकांत युनिक्स आणि नेटवेअर या दोन्ही प्रणाली वापरात होत्या.

पॅट्रिक पॉवेल यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेली एलपीआरएनजी ही प्रणाली गर्दीच्या संस्थांसाठी विशेष महत्त्वाची ठरली. जुन्या एलपीडीशी सुसंगत राहून तिने परवानग्यांचे तपशीलवार नियम, कामाच्या स्थितीचा खुलासेवार अहवाल आणि एका रांगेतील कामे अनेक प्रिंटरांवर वाटून देण्याची सोय या तीन गोष्टी दिल्या. मोठ्या विद्यापीठांतील संगणक कक्षांच्या गरजा यांतून भागत होत्या.

त्यानंतर मायकेल स्वीट यांच्या ईझी सॉफ्टवेअर प्रॉडक्ट्स या कंपनीने १९९९ मध्ये सीयूपीएस ही प्रणाली प्रसिद्ध केली. तिचा पाया आयपीपी या नव्या संवादपद्धतीवर होता. या पद्धतीत कामाची स्थिती व प्रिंटरची स्थिती या दोन्ही गोष्टी स्पष्टपणे विचारता व सांगता येतात. काम थांबले असल्यास कागद संपल्यामुळे की कागद अडकल्यामुळे, हेही कळते. कामास एक ते शंभर या श्रेणीत अग्रक्रम देता येतो व ठरावीक वेळेपर्यंत ते रोखून ठेवता येते. ॲपलने २००२ मध्ये आपल्या संगणकांवर ही प्रणाली स्वीकारली आणि २००७ मध्ये तिची मूळ आज्ञावली विकत घेतली. एलपीडीच्या मौनापासून आयपीपीच्या बोलकेपणापर्यंतचा हा प्रवास म्हणजे जाळ्यावरील मुद्रणाच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

४. रांग कोणाला दिसते?

या प्रवासात एक प्रसंग असा आहे की, जो तांत्रिक इतिहासापेक्षा सामाजिक इतिहासात अधिक गाजला. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत एक सामाईक छपाई यंत्र होते. कागद अडकला की ते थांबत असे आणि वेगळ्या मजल्यावर बसलेल्या संशोधकांना त्याचा पत्ता नसे. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच्या आज्ञावलीत बदल करून, ज्यांची कामे रांगेत आहेत त्या सर्वांना अडथळ्याची सूचना जाईल अशी व्यवस्था केली. यंत्र दुरुस्त झाले नाही, परंतु वाट पाहणाऱ्यांना खरी परिस्थिती कळू लागली आणि त्यांच्यापैकी कोणीतरी उठून कागद मोकळा करू लागले.

१९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर तेथे आला. तो वेगवान होता, पण त्याची मूळ आज्ञावली उपलब्ध नव्हती. ज्यांच्याकडे ती होती त्यांनी गोपनीयतेच्या करारामुळे ती देण्यास नकार दिला. सूचना देण्याची सोय नव्या यंत्रात करता आली नाही. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, तिच्यामागे इतर कारणांबरोबर हा अनुभवही होता.

या प्रसंगातून निघणारा बोध प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा त्रास केवळ प्रतीक्षेच्या लांबीने ठरत नाही. ती प्रतीक्षा का आहे हे कळण्या-न कळण्यानेही ठरतो. वेगवान पण मुका प्रिंटर हा मंद पण बोलक्या प्रिंटरपेक्षा नेहमीच चांगला असतो असे म्हणता येत नाही.

५. देवनागरीचे ओझे

पाश्चात्त्य देशांत विकसित झालेल्या या प्रणाली भारतीय कार्यालयांत आल्या, तेव्हा एक नवी अडचण उभी राहिली. सुई-ठोक पद्धतीच्या, म्हणजे डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये रोमन अक्षरांचे आकार यंत्रातच साठवलेले असत. संगणकाने अक्षराचा एक संकेतांक पाठवला की यंत्र ते अक्षर उठवत असे. देवनागरीतील जोडाक्षरे, वेलांट्या व उकार यांची सोय सर्वसाधारण यंत्रात नव्हती. त्यामुळे मराठी मजकूर अक्षर म्हणून नव्हे, तर ठिपक्यांचे चित्र म्हणून पाठवावा लागे.

याचा भार किती, हे साध्या गणिताने स्पष्ट होते. ऐंशी रोमन अक्षरांची एक ओळ म्हणजे ८० बाइट. आठ इंच रुंदीची तीच ओळ इंचाला ६० ठिपके या घनतेने चित्र म्हणून पाठवली, तर प्रिंटरच्या शीर्षाच्या एका फेरीस ४८० बाइट लागतात. मात्रा व उकार सामावण्यासाठी किमान दोन फेऱ्या धरल्या तर ९६० बाइट, म्हणजे बारापट. चाळीस ओळींच्या पानास रोमन मजकुरात ३,२०० बाइट, तर देवनागरीत ३८,४०० बाइट होतात. सेकंदाला सुमारे ९६० बाइट नेणाऱ्या ९,६०० बॉडच्या तारेवरून पहिले पान साडेतीन सेकंदांच्या आत जाते. दुसऱ्यास चाळीस सेकंद लागतात. छपाईचा वेळ याहून निराळा.

आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले व पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने विकसित केलेले जिस्ट तंत्रज्ञान हे या अडचणीवरील भारतीय उत्तर होते. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने इस्की ही संकेतपद्धती आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्य केली. तथापि, प्रत्यक्षात दीर्घकाळ निरनिराळ्या खासगी फाँटांचे राज्य राहिले. ज्या यंत्रावर अक्षरांचे चित्र तयार होते त्या यंत्रावर नेमका तोच फाँट नसेल, तर मराठी नावाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडचा प्रसार झाल्यावर हा प्रश्न बराचसा सुटला.

तात्पर्य, देवनागरी कार्यालयासाठी स्पूलिंग प्रणाली निवडताना केवळ दिवसाची पानसंख्या पाहून चालत नसे. पानाचे चित्र कोठे तयार होते, मागणी करणाऱ्या संगणकावर की मुद्रणसेवकावर, हे पाहणे आवश्यक होते. परदेशी पुस्तिकांतील क्षमतेचे आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नव्हते.

६. वर्ध्यापासून तालुक्यापर्यंत

मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये झाला. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ व तिच्याखालील १९७१ च्या नियमांनी गाव नमुन्यांची आजची रचना निश्चित केली. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख व गाव नमुना बारा हा पिकांची नोंदवही. दोन्ही मिळून सातबारा. तलाठी म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी या नावाने ओळखले जाणारे पद. या पदावरील व्यक्ती तो हाताने लिहून व सही करून देत असे. छपाईची रांग येथे अस्तित्वातच नव्हती. रांग होती ती तलाठ्याच्या उपलब्धतेची. एका तलाठ्याच्या सज्जात अनेक गावे असत आणि तो कोणत्या दिवशी कोणत्या गावी भेटेल यावर सारे अवलंबून असे.

केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची पथदर्शी योजना देशातील आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्यांपैकी महाराष्ट्रातील जिल्हा वर्धा हा होता. १९९७-९८ पासून तहसील पातळीवर संगणक केंद्रे चालवण्याचे धोरण स्वीकारले गेले. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. या टप्प्यांवर उताऱ्याचा उगम गावातील दप्तरातून तालुक्याच्या प्रिंटरकडे सरकला. शेणव्याच्या शेतकऱ्यास लिखित उताऱ्यासाठी तलाठी शोधावा लागे. छापील उताऱ्यासाठी एसटीने तालुक्याचे ठिकाण गाठणे आले. अक्षर सुवाच्य झाले, परंतु अंतर वाढले.

शेजारच्या कर्नाटकाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. तेथील 'भूमी' प्रकल्पात २००० च्या सुमारास तालुका केंद्रांवरून पंधरा रुपयांत छापील उतारे मिळू लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फेरफाराचे अर्ज 'जो आधी आला त्याचे आधी' या क्रमानेच निकाली काढण्याचे बंधन आज्ञावलीनेच घातले. अधिकाऱ्यास मधला अर्ज उचलून पुढे घेण्याची मुभा राहिली नाही. हास्पच्या नावात अग्रक्रम हा शब्द कार्यक्षमतेसाठी आला होता. भूमी प्रकल्पात अग्रक्रमाचा अभाव हे न्यायाचे साधन झाले. दोन्ही निर्णय तांत्रिक वाटतात, पण दोन्ही मुळात 'कोण आधी' या प्रश्नाची उत्तरे आहेत.

७. गर्दीचे गणित

'दिवसाला किती प्रती लागतात' या सरासरीवरून यंत्र निवडणे ही नेहमी घडणारी चूक होय. शहापूर-मुरबाडसारख्या भातपट्ट्यात मागणी वर्षभर सारखी नसते. खरिपापूर्वी मे-जूनमध्ये पीक कर्जाची घाई असते. त्याच वेळी शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी दाखलेही लागतात. पुढे दिवाळीच्या सुमारास भात निघाला की खरेदी केंद्राच्या नोंदणीची घाई होते. मधल्या महिन्यांत तोच प्रिंटर रिकामा बसलेला असू शकतो.

डॅनिश अभियंता एर्लांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनी केंद्रांच्या अभ्यासातून ज्या रांगशास्त्राचा पाया घातला, ते येथे तंतोतंत लागू पडते. उदाहरणादाखल, एका उताऱ्यास सरासरी दोन मिनिटे लागतात व मागण्या अनियमितपणे येतात असे मानू. म्हणजे तासाची कमाल क्षमता तीस प्रती. तासाला १५ मागण्या आल्यास आपली पाळी येईपर्यंतची सरासरी प्रतीक्षा दोन मिनिटे येते. मागणी २४ झाल्यास ती आठ मिनिटे होते. २७ झाल्यास अठरा मिनिटे. मागणी पंधरावरून सत्तावीसवर गेली, म्हणजे दुपटीहूनही कमी वाढली. प्रतीक्षा मात्र नऊपट झाली. जून महिन्यात 'यंत्र तेच, माणसे तीच, मग एवढी रांग कशी' असा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर या गणितात आहे.

आता दोन प्रिंटर आहेत व तासाला ५४ मागण्या येतात असे समजू. प्रत्येक प्रिंटरची रांग वेगळी ठेवली तर सरासरी प्रतीक्षा अठरा मिनिटेच राहते. दोघांना मिळून एकच सामाईक रांग दिली आणि जो मोकळा होईल त्याने पुढचे काम उचलले, तर ती सुमारे साडेआठ मिनिटांवर येते. नवे यंत्र न घेता, केवळ रांगेची रचना बदलून प्रतीक्षा निम्म्याहून कमी झाली. सिस्टिम फाइव्हमधील वर्ग, एलपीआरएनजीमधील कामवाटप आणि सीयूपीएसमधील प्रिंटरवर्ग या सोयींचे महत्त्व हेच. प्रत्येक मेजावर एक स्वतंत्र प्रिंटर ठेवण्याची कार्यालयीन पद्धत प्रतिष्ठेची असेल, पण गणिताच्या दृष्टीने ती तोट्याची आहे.

८. निवडीचे निकष

वरील विवेचनावरून गर्दीच्या कार्यालयासाठी मुद्रणरांगेची प्रणाली निवडताना पुढील निकष पुढे येतात.

पहिला, रांगेचे स्थान. प्रिंटरला थेट जाळ्यात जोडून प्रत्येक संगणकाने स्वतंत्रपणे काम पाठवल्यास रांग विखुरते. कोणाचे काम कितवे हे कोणासच सांगता येत नाही. एका मुद्रणसेवकावर रांग ठेवल्यास क्रम निश्चित होतो, परंतु तो सेवक बंद पडला तर सर्वांचे काम थांबते. म्हणून मध्यवर्ती रांग घ्यायची तर पर्यायी सेवकाची तजवीज त्याच दिवशी करावी लागते.

दुसरा, टिकाऊपणा. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने भारनियमनाचे दीर्घ तास अनुभवले. पावसाळ्यात तारा तुटण्याचे प्रसंग वेगळेच. अशा ठिकाणी रांग संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत न राहता चकतीवर लिहिलेली असणे आणि वीज परतल्यावर ती तेथूनच पुढे सुरू होणे अत्यावश्यक ठरते.

तिसरा, एकदाच आणि नक्की छपाई. अडकलेले पान पुन्हा छापणे ही सामान्य कार्यालयात सोय असते. शुल्क आकारून दिल्या जाणाऱ्या प्रतीच्या बाबतीत मात्र प्रत्येक छपाईचा हिशेब लागतो. रेल्वेच्या संगणकीय आरक्षणात, जे दिल्लीत १९८५-८६ मध्ये सुरू झाले, तिकिटाचा कागदच पूर्वमुद्रित क्रमांकाचा ठेवला गेला, यामागील कारण हेच. प्रणालीने 'पाठवले' आणि 'छापले' यांत भेद केला पाहिजे. एलपीडी तो करत नव्हती. आयपीपीमध्ये तो करता येतो.

चौथा, सदोष कामाचे विलगीकरण. प्रस्तुत लेखकाने काम केलेल्या एका महाविद्यालयात परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रवेशपत्रांची छपाई चालू असताना एक बिघडलेली धारिका रांगेच्या तोंडाशी अडकली. तिच्यामागे शेकडो विद्यार्थ्यांची पत्रे थांबली. रांग रिकामी करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे होता व ती व्यक्ती रजेवर होती. प्रिंटर निर्दोष होता, कागद भरलेला होता, तरीही संध्याकाळपर्यंत एक पान निघाले नाही. मुले दाराशी उभी राहून 'यंत्र बिघडले आहे' एवढेच ऐकत होती, आणि तेही खरे नव्हते. सदोष काम बाजूला काढून पुढील कामे चालू ठेवणारी प्रणाली व तो अधिकार किमान दोघांकडे असणे, हा निकष पुस्तकी नाही.

पाचवा, सुरक्षितता. मुद्रणरांग सांभाळणाऱ्या सेवेस संगणकात उच्च अधिकार दिलेले असतात. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक आज्ञावलीने विंडोजच्या मुद्रणसेवेतील दोषाचा वापर केला होता, आणि २०२१ मध्ये त्याच सेवेतील प्रिंटनाइटमेअर नावाने गाजलेल्या दोषामुळे जगभरातील कार्यालयांना तातडीने दुरुस्त्या कराव्या लागल्या. हक्कनोंदी असलेल्या संगणकावर मुद्रणसेवा ठेवणे म्हणूनच धोक्याचे. ती स्वतंत्र संगणकावर असावी.

सहावा आणि सर्वांत दुर्लक्षित निकष म्हणजे दृश्यता. रांगेतील क्रम व थांबण्याचे कारण खिडकीबाहेरच्या माणसाला कळण्याची सोय. बँकेतील टोकन क्रमांकाचा फलक आपल्याला परिचित आहे. मुद्रणरांगेची माहिती तशाच फलकावर दाखवणे आयपीपीच्या काळात तांत्रिकदृष्ट्या कठीण राहिलेले नाही. ते करणे हा इच्छेचा प्रश्न आहे.

९. २०१८ नंतर : रांगेचे स्थलांतर

२०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम राबवून संगणकीकृत सातबाऱ्यातील चुका खातेदारांसमोर आणल्या गेल्या. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा प्रारंभ झाला. पुढे पंधरा रुपये शुल्क भरून तो महाजालावरून कोठूनही घेता येऊ लागला. त्यावरील पडताळणी क्रमांकामुळे सही-शिक्क्यासाठी कार्यालयात जाण्याचे कारण उरले नाही. तालुक्याच्या प्रिंटरची मक्तेदारी अशा रीतीने संपली.

मुद्रणरांगेच्या इतिहासाच्या दृष्टीने हा बदल मूलगामी आहे. यापूर्वी कागद एका जागी छापून माणसाने तेथे यायचे होते; आता धारिका माणसाकडे जाते आणि छपाई गावातल्या सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात होते. परंतु यावरून रांग नाहीशी झाली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ती प्रिंटरपासून उठून मध्यवर्ती संगणकाकडे गेली. गर्दीच्या दिवसांत संकेतस्थळ मंदावते, शुल्क कापले जाते पण उतारा उतरत नाही, तेव्हा शेतकऱ्यास 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द ऐकून परतावे लागते. पूर्वीच्या 'प्रिंटर बंद आहे' या वाक्याचीच ही नवी आवृत्ती होय. त्या दोन शब्दांतून रांगेत कितवा क्रमांक, किती वेळ आणि कोणते कारण, यांपैकी काहीही कळत नाही.

१०. निष्कर्ष

१. स्पूलिंगचा उगम महागड्या यंत्राचा वेळ वाचवण्यासाठी झाला. माणसाचा वेळ वाचवणे हे त्याचे मूळ उद्दिष्ट नव्हते. सार्वजनिक कार्यालयासाठी प्रणाली निवडताना हे उद्दिष्ट जाणीवपूर्वक बदलावे लागते.

२. एलपीडी, एलपीआरएनजी व सीयूपीएस हा विकासक्रम मुख्यतः वेगाचा नसून माहितीचा आहे. प्रत्येक टप्प्यावर रांगेबद्दल अधिक सांगण्याची क्षमता वाढत गेली.

३. देवनागरी मुद्रणामुळे भारतीय कार्यालयांतील भार परदेशी अंदाजांपेक्षा वेगळा होता. स्थानिक लिपी व स्थानिक हंगाम यांचा विचार न करता केलेली निवड गर्दीच्या महिन्यात कोलमडणे अपरिहार्य होते.

४. सामाईक रांग, टिकाऊ साठा, सदोष कामाचे विलगीकरण आणि दृश्यता या गोष्टी नव्या यंत्राच्या खरेदीपेक्षा कमी खर्चाच्या व अनेकदा अधिक परिणामकारक असतात.

५. रांग एका ठिकाणाहून हटवली की ती दुसरीकडे उभी राहते. म्हणून कोणत्याही नव्या व्यवस्थेबाबत 'रांग आता कोठे आहे व ती कोणाला दिसते' हा प्रश्न पुन्हा विचारला पाहिजे.

संगणकाच्या दृष्टीने रांगेत थांबलेले काम म्हणजे चकतीवरील काही हजार बाइट असतात. शेणव्याच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते एसटीचे भाडे आणि बुडालेला दिवस असतो. पहिल्या खर्चाचे मोजमाप गेली साठ वर्षे अत्यंत काटेकोरपणे होत आले आहे. दुसऱ्या खर्चाची नोंद कोणत्याही स्पूलिंग प्रणालीच्या अहवालात येत नाही. ती यावी अशा रीतीने निवडीचे निकष ठरवणे, हे यापुढील काळातील काम आहे.